टिंबांवर पहारा

कुणीतरी डोळ्यांत तेल घालून पाहत असतं, म्हणूनच जग सुरळीत चालतं. निदान माझं तसं ठाम मत होतं, कारण त्या पाहण्याचा पगार मला मिळत असे.

दोन हजार सहा-सातच्या सुमाराची गोष्ट. पनवेलच्या जुन्या बाजारात हार्डवेअरच्या एका दुकानावर आमचं ऑफिस होतं. आम्ही लोकांच्या वेबसाइट बनवायचो आणि चालवायचो. सर्व्हर मुंबईत कुठेतरी होता. मी त्याला कधीच पाहिलं नाही. त्याची तब्येत मात्र एका साध्या पांढऱ्या पानावर दिसायची. पानावर पन्नास टिंबं. एक टिंब म्हणजे एक रिकामी खुर्ची. साइटवर कुणी आलं की टिंबाच्या जागी एक अक्षर उमटायचं, तो गेला की पुन्हा टिंब. टिंबं संपली की पुढचा माणूस दाराबाहेर. खाली एक यादी असे, कोण कुठून आलंय आणि काय बघतंय याची. टिंबं शिल्लक आहेत ना, हे पाहणं माझं काम. ती नेहमीच भरपूर शिल्लक असत. एका वेळी चार अक्षरं दिसली तरी आमचे मालक, म्हणजे साहेब, "ट्रॅफिक वाढतंय" म्हणत.

मग पाच कॉलेजं असलेल्या एका शिक्षणसंस्थेनं नर्सिंगच्या कोर्सचे प्रवेश ऑनलाइन करायचं ठरवलं आणि काम आम्हाला दिलं. सकाळी दहाला फॉर्म खुले होणार, जो आधी भरेल त्याला जागा. तशी जाहिरात आली. तिच्यात विद्यार्थ्यांसाठी दोन ओळी होत्या, तळाशी आमचा पत्ता होता आणि उरलेल्या जागेत संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो.

उद्घाटन आमच्याच ऑफिसात. साहेबांनी भाड्यानं प्रोजेक्टर आणला आणि टिंबांचं पान भिंतीभर लावायला सांगितलं.

"हे किती वेळानं बदलतं?"

"पाच सेकंदांनी."

"एक कर. अध्यक्षांना थांबायची सवय नाही."

माझ्या माउसला लाल फीत बांधली होती. दहा वाजता अध्यक्षांनी ती कापली. वायर वाचली, हे त्या दिवसाचं पहिलं यश. टाळ्या थांबेपर्यंत टिंबांची अक्षरं होऊ लागली. दहा, तीस, पन्नास. एकही टिंब उरलं नाही.

"बघा, अख्खा रायगड लोटलाय!" अध्यक्ष म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलले. सोबत आलेल्या विश्वस्तांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मीही भारावलो. इतकी वर्षं पहारा दिल्याचं चीज झालं असं वाटलं.

साडेदहाच्या सुमाराला जिन्यावरून एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी वर आली. गृहस्थांच्या हातात जाहिरातीचं कात्रण होतं.

"चिरनेरहून आलो आमी. खालच्या सायबरवाल्याकडं दहाच्या आदीपासून बसलोय. तो बोलतो, साइट उघडत नाय."

"गर्दी आहे काका. थोडं थांबावं लागेल."

"थांबलो तर जागा जातील ना? औंदा नाय झाला तर हिची आत्या स्थळं घेऊन बसलीच हाय."

मुलगी भिंतीकडे बघत नव्हती. ती माझ्या मॉनिटरकडे बघत होती.

"सर, हा सात आकडा कशाचा?"

"आलेल्या फॉर्मांचा."

"आमी आलो तेव्हापासून सातच हाय. मग एवढी माणसं आत बसून काय करतात?"

हा प्रश्न मला पगार घेऊनही पडला नव्हता. मी यादी उघडली. पन्नासांपैकी फॉर्मच्या पानावर एकही नव्हता. सगळेच्या सगळे एकच पान बघत होते: टिंबांचं. एक पत्ता आमच्या ऑफिसचा, बाकीचे संस्थेच्या पाच कॉलेजांचे. एका कॉलेजात फोन लावला. क्लार्क खुशीत होता.

"अध्यक्षसाहेबांनीच लिंक पाठवली ना! प्राचार्यांनी लॅबमधल्या सगळ्या कम्प्युटरवर लावलंय. पोरांना ऐतिहासिक क्षण दाखवतोय. काय हलतंय हो ते!"

पाची लॅब दर सेकंदाला हालचाल बघत होत्या आणि ती हालचाल त्यांचीच होती. मी साहेबांच्या कानात सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"अध्यक्षांना बंद करा म्हणून तू सांगतोस?"

"मी? नाही."

"मग कर काहीतरी."

फोटो काढून ठेवावा तशी मी त्या पानाची एक प्रत काढली, न हलणारी, आणि त्याच पत्त्यावर खऱ्याच्या जागी बसवली. पुढच्या सेकंदाला पाची कॉलेजांना आणि आमच्या भिंतीला ती पोचली आणि सगळे कम्प्युटर सर्व्हरला दर सेकंदाला विचारायचे थांबले. खुर्च्या रिकाम्या झाल्या. भिंतीवर पन्नास अक्षरं तशीच भरगच्च. माझ्या मॉनिटरवर सातचे आठ झाले, आठाचे नऊ.

मी मुलीला माझी खुर्ची दिली. वडील मागे उभे राहिले.

"नीट भर गो. नावाचं स्पेलिंग बघ."

"बाबा, तुमी जरा गप रावा."

"मी काय बोललो? स्पेलिंग बघ बोललो."

तिनं बटण दाबलं. पावतीवर आकडा आला, अकरा.

"अकरावा," वडील म्हणाले. मग जरा दबक्या आवाजात, "लागेल ना?"

"लागेल, काका."

तिकडे अध्यक्ष बराच वेळ भिंतीकडे एकटक बघत होते.

"आता कसं स्थिर झालंय," ते म्हणाले. "सुरुवातीला फार थरथरत होतं."

"आपलं मार्गदर्शन," साहेब म्हणाले.

अध्यक्षांनी मुलीला पेढा दिला, तिच्यासोबत फोटो काढून घेतला आणि त्या न हलणाऱ्या पानासमोर उभं राहून विद्यार्थ्यांच्या महापुरावर वीस मिनिटं बोलले. जागा फार थोड्या आणि इच्छुक अगणित, याचं त्यांना मनापासून दुःख होतं. मुलीचे वडील हात जोडून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

संध्याकाळी मी अहवाल काढला. दिवसभरात आलेले फॉर्म एकोणतीस. कोर्सच्या जागा चाळीस.