मांजरपाटाच्या शेडचा तारा

साऱ्या नागपुरात डोळा म्हणावा असा डोळा एकाच माणसाला आहे, आणि तो माझा साडभाऊ आहे. त्याची बायको माझ्या बायकोची सख्खी बहीण, पण म्हणून मी हे बोलत नाही. मी चौथीपर्यंत शिकलो, वाडीच्या गोदामात हमालांचा मुकादम म्हणून उमर काढली, आणि कोणाचं मोठेपण कबूल करायची मला सवय नाही. पण हा माणूस बुटीबोरीच्या कापड कारखान्यात रंगखात्यात होता. शेड जुळवणं हे त्याचं काम. आपण ज्याला पांढरा म्हणून मोकळे होतो, त्यात त्याला दुधी, तांदळी, शंखी, मोगरी असं अख्खं खानदान दिसतं. सीताबर्डीवर एक धोतर घ्यायला गेला तर दुकानदाराला गठ्ठेच्या गठ्ठे उन्हात आणायला लावतो. माझ्या पोराच्या लग्नात वरात दारात उभी, आणि हा बँडवाल्यांना सांगतो, "तिघाइचे कोट येगळ्या लालाचे आहेत. तुमी मांगं उभे राहा." ते बिचारे राहिले!

असा माणूस एका संध्याकाळी माझ्या गच्चीवर जेवून बसला होता. मृगाचे तीन तारे वर आलेले, आणि त्यांच्या पूर्वेला एक टपोरा तारा एकटाच. त्याचं नाव प्रश्वा, हे आम्हाला मागाहून कळलं. साडभाऊने मान वर केली आणि कारखान्यात ठाण तपासावं तसा तो तारा तपासला.

"हा पांढरा नाही गा. पिवळट पांढरा आहे. कोऱ्या मांजरपाटाची शेड."

"पांढराच आहे," मी म्हटलं. मला पांढराच दिसत होता, आणि दिसला नसता तरी म्हटलं असतं.

त्याची नात कॉलेजात शिकते. तिने दुसऱ्याच दिवशी वाचून सांगितलं, की प्रश्वा पिवळसर पांढराच असतो. झालं! तेव्हापासून तो तारा साडभाऊच्या घरचा झाला. लग्नात स्थळाची माहिती सांगावी तशी तो ताऱ्याची सांगे: सूर्याच्या दीडपट वजनाचा, दुप्पट रुंद, उजेड सातपट. आपल्यापासून एवढा जवळ, की त्याच्या उजेडाला इथवर यायला अकरा वर्षंच लागतात. "सूर्यापेक्षा जास्त तापला म्हणून पांढऱ्याकडं झुकला. आणखीन तापला असता तर निळा झाला असता." एका तेरवीच्या पंगतीत तर त्याने ताऱ्याचा जोडीदारही काढला. विझत आलेला लहानसा तारा, दुर्बिणीशिवाय दिसत नाही, पण चमचाभर उचलला तर टनाच्या वर भरेल. मी म्हटलं, "मग माह्या गोदामात उतरवू नको, फरशी जाईन." वाढपी हसले. हा हसला नाही. ताऱ्याची चेष्टा त्याला चालत नाही.

मग त्याला मोतीबिंदू झाला. डॉक्टर म्हणाले, डोळ्यातलं भिंग पिवळं पडलंय, सगळं जग पिवळट दिसत असेल. मी काय असा मोका सोडतो!

"म्हंजे तारा पिवळा नाही, तुहा मोतीबिंदू पिवळा!"

 त्या दिवसापासून तो ऑपरेशनला नाही म्हणू लागला. दोन हिवाळे गेले. भातावर वरण समजून ताक घेतलं, दुसऱ्याच्या चपला घालून घरी गेला, पण दवाखान्याचं नाव नाही. बायको रडली, नात रुसली. शेवटी एकदा मी दम दिला तेव्हा बोलला, "पुस्तक म्हनते पिवळा, ते ठीक आहे. पन मी माह्या डोळ्यानं पाह्यला होता का मोतीबिंदूनं? ऑपरेशन झालं अन् पांढरा दिसला, तर मंग जन्मभर जुळवलेल्या शेडी कोनाच्या?"

"काहून भेतं? भेकड आहे तू," मी म्हटलं. भेकड हा शब्द त्याला सहन होत नाही. आठ दिवसांत ऑपरेशन केलं.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या संध्याकाळी आम्ही दोघं गच्चीवर. त्याने बराच वेळ वर पाहिलं आणि पाण्याच्या टाकीला टेकला.

"पांढरा आहे गा. निळसर पांढरा. साऱ्या जगाले कोनं नीळ देऊन ठेवली."

मी जिंकलो होतो. जिंकलेली गोष्ट नीट पाहून घ्यावी म्हणून मीही मान वर केली. आणि पाहतो तर काय, तारा पिवळा!

"मले पिवळा दिसून राहिला," मी म्हटलं.

"दया नको करू."

"दया? तुह्यावर? मी?"

त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं, आणि मग असा हसला की खालून बायका धावत आल्या. दुसऱ्या दिवशी त्याच डॉक्टरांसमोर त्याने मला बसवलं. माझे दोन्ही डोळे पिकलेले निघाले. गल्लीत पेढे त्याने वाटले.

डॉक्टर म्हणाले, पिवळ्याची सवय झालेल्या डोळ्याला काही दिवस जग निळं दिसतं. महिनाभराने त्याच्या डोळ्यातली नीळ उतरली. सूर्य बुडायच्या आत तो हातात दोन तुकडे घेऊन आला, एक पांढऱ्याशुभ्र धुवट लाँगक्लॉथचा, एक पिवळट कोऱ्या मांजरपाटाचा. उजेड होता तोवर दोन्ही डोळ्यांत भरून घेतले, आणि तारा निघाल्यावर वर पाहिलं.  "पाह्य," तो हळूच म्हणाला, "पांढऱ्यात हळदीचं एक बोट आहे. बस, एकच बोट. पह्यले मी जरा जास्त सांगतलं होतं." स्वतःच्या तारिफेतून एवढं कापून देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. शेडवाला असावा तर असा.

माझं ऑपरेशन मी पुढे ढकलतो आहे. बायको म्हणते, "आता तुमी काहून अडून बसले?" करीन. एवढा तारा यंदाचा मावळू द्या. आज दिसतो तो उजेड तिथून निघाला तेव्हा साडभाऊ रंगखात्यात होता, मी गोदामात होतो, आणि चारही डोळे धडधाकट होते. त्या दिवसांचा उजेड तो आता नव्या डोळ्यांनी पाहतो, मी जुन्या. शेड मात्र दोघं एकच सांगतो. आयुष्यात पहिल्यांदाच.