गुरुवारचे एकोणीस जण

क्वाबेना अडुसेई यांना एफिदुआसे गावात सगळे मास्टर म्हणत, पण त्यांनी आयुष्यात एक दिवसही शाळेत शिकवलं नव्हतं. जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढण्यात त्यांची तीस वर्षं गेली. मास्टर हे नाव पडलं ते कॉम्प्युटरच्या नादापायी. परदेशातली टाकाऊ यंत्रं जहाजांनी यायला लागली, तसे मास्टर दर सुट्टीला कुमासी शहराच्या भंगारबाजारात जाऊन उकिडवे बसू लागले. एकाचा डबा, दुसऱ्याची डिस्क, तिसऱ्याचा मॉनिटर, असं करत एक यंत्र उभं राहायचं. आठवडाभर गुणाने चालायचं. मग वीज जायची, आणि परत आली तरी यंत्र काही उठायचं नाही.

असं अकरा वर्षं चाललं होतं. आता पंचावन्नाव्या वर्षी मास्टर थकले होते. डबे उचलून पाठ गेली होती, बारीक तारा जोडून डोळे गेले होते. बायको आफुआने सगळं सामान कधीच घराबाहेर काढलं होतं. "एक तर ही यंत्रं झोपतील या घरात, नाहीतर मी," असं तिने एकदाच सांगितलं होतं. तेव्हापासून चर्चमागची एक बारकी खोली मास्टरांकडे होती. दुनियेत त्यांची म्हणावी अशी तेवढीच जागा होती, आणि तीही आता जायच्या बेतात होती. बायकांच्या मंडळाला खुर्च्या ठेवायला ती हवी होती.

चर्चचे ओसोफो, म्हणजे धर्मगुरू, न्टिमबाबा भला माणूस. ते म्हणाले, "मास्टर, या यंत्राने चर्चचं एक तरी काम करून दाखवा. मग खोलीला कुणी हात लावणार नाही."

काम तयारच होतं. आमच्याकडे सुगीच्या सणाला लोक वारावारांनी उठतात. मंगळवारी जन्मला तो क्वाबेना, जन्मली ती अबेना. शुक्रवारचा कोफी, शुक्रवारची आफुआ. ज्याचा त्याचा वार पुकारला की त्या वाराची माणसं रुमाल हलवत, नाचत पुढे जातात आणि परडीत दान टाकतात. हल्ली तरणी पोरं कुठल्याही वारात घुसायची, जिकडे नाच चांगला तिकडे. म्हणून ओसोफोंना पक्क्या याद्या हव्या होत्या. चर्चच्या वहीत चारशे बारा माणसांच्या जन्मतारखा होत्या. तारखेवरून वार काढणारा प्रोग्राम लिहायचा, एवढंच.

एवढ्याला तीन महिने लागले. कीबोर्डाची आठाची कळ बसेना, मॉनिटर चापट मारल्याशिवाय उजळेना. पण गेल्या दोन वर्षांतल्या तान्ह्या बाळांवर मास्टरांनी प्रोग्राम तपासला, तर एकूण एक वार बरोबर. फार दिवसांनी त्यांना बरं वाटलं. खोली राहिली, असंच ते धरून चालले.

रविवारी याद्या दारावर लागल्या आणि गलका उठला.

"मास्टर, मी कोफी! पन्नास वर्षं कोफी!" शिंपी कोफी बोआचे ओरडला. "तुमच्या डब्याने मला गुरुवारात का कोंबलं?"

"तुझ्या आईला वार कळत नसतील," मागून कुणीतरी म्हणालं.

"आईवर जायचं काम नाही, सांगून ठेवतो!"

बायकांच्या मंडळाच्या माआमे सेरवा चष्मा सावरत यादी वाचत होत्या. "एक जुलै अठ्ठेचाळीस, एक जुलै अठ्ठेचाळीस... अगं बाई! एकाच दिवशी एकोणीस बाळं? मास्टर, गावात तेव्हा सुईणी तरी किती होत्या हो?"

हशा झाला आणि मास्टरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जुन्या काळी शाळेत घालताना जन्मतारीख कोणाला ठाऊक असायची? हेडमास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून घ्यायला लावत. बोटं डाव्या कानाला टेकली की पोरगं शाळेजोगं झालं. मग मनाला येईल ती तारीख, आणि त्या हेडमास्तरांच्या मनाला कायम एक जुलैच यायची. वार खरे होते ते नावातले. कागदावरच्या तारखा सगळ्या कानाला हात लावून आलेल्या.

गुरुवारच्या यादीत सातवं नाव होतं क्वाबेना अडुसेई. मास्टरांनी ते स्वतःच्या हाताने टाइप केलं होतं आणि पाहिलं नव्हतं. गुरुवारच्या मुलाला याव म्हणतात. "याव मास्टर! ओ याव मास्टर!" असं ओरडत लोक जेवायला गेले.

ओसोफोंनी खांद्यावर हात ठेवला. "वार तर सगळ्यांना तोंडपाठ आहेत, मास्टर. माणसांना विचारलं असतं तर एका सकाळचं काम होतं. खोली शनिवारपर्यंत मोकळी करा, काय?"

मास्टर नुसतंच "हो" म्हणाले. भांडायला लागतं तेवढंही बळ उरलं नव्हतं.

शनिवारी ते हातगाडीवर डबे चढवत होते, तेव्हा कम्फर्ट आली. चर्चमध्ये पाणी भरणारी ती. पन्नाशी उलटलेली. वार पुकारायला लागले की ती मागे पिंपाशी जाऊन उभी राहायची, आणि ती कुठल्या वाराची हे कधी कुणी विचारलं नव्हतं. तिला मिशनच्या परदेशी नर्सबाईंनी वाढवलं होतं. नाव त्यांनीच ठेवलं. वाराचं नाव ठेवायचं असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

तिने घडीवर फाटलेला कागद पुढे केला. "यादीत माझं नाव नव्हतं, मास्टर. माझाही वार काढा की."

"डबा बंद पडलाय, कम्फर्ट. आणि चालू असता तरी काय? पाहिलंत ना रविवारी."

"तुम्ही काढा, तुमच्या तोंडाने."

मास्टरांनी कागद डोळ्यांशी नेला. सव्वीस एप्रिल एकोणीसशे पन्नास. "ही जन्माची तारीख आहे का?"

"नाही. मी दवाखान्याच्या ओसरीवर सापडले, ती."

"मग त्यावरून तुमचा खरा वार कसा कळणार?"

"त्याच्या आधी मला कुणी पाहिलंच नव्हतं, मास्टर," कम्फर्ट म्हणाली. "तोच माझा खरा."

मास्टरांनी कागद खाली ठेवला. मग गाडीवरच्या मॉनिटरच्या धुळीत बोटाने आकडे मांडले. सालाचे पन्नास, त्याची चौथाई बारा, तारखेचे सव्वीस, एप्रिलचा ठरलेला आकडा शून्य. अठ्ठ्याऐंशी. सातने भागून उरले चार. शनिवार शून्य धरून त्यांनी बोटांवर मोजलं, आणि एकदा पोळलेला माणूस, म्हणून पुन्हा मोजलं.

"बुधवार. तुम्ही अकुआ."

"अकुआ," ती म्हणाली. "परत एकदा सांगा."

"अकुआ."

दुसऱ्या दिवशी सणाला रविवारवाले नाचून गेले, सोमवारवाले गेले. मंगळवार पुकारला तसे मास्टर उगीच रुमाल हलवून आले आणि बसले. गुडघे दुखत होते. मागे खोलीत खुर्च्या लागल्याचा आवाज त्यांनी सकाळीच ऐकला होता. मग बुधवार पुकारला. खांद्यावरचं भांडी पुसायचं फडकं हलवत कम्फर्ट पिंपापासून निघाली.

"अगं कम्फर्ट, पाणी?" माआमे सेरवांनी पेला पुढे केला.

"आज तुमचं तुम्ही घ्या," ती जाता जाता म्हणाली. "माझा वार आहे."

मास्टर उठले आणि माआमेंचा पेला भरायला पिंपाजवळ जाऊन उभे राहिले.