टीचरच्या कानांची परीक्षा

कोमळवल्ली टीचर खरं तर टीचर नव्हत्याच. कोइमतूरच्या मुलींच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळली, म्हणून गल्लीने त्यांना टीचर करून टाकलं. कुणी सांगितलं म्हणून मान डोलवायची, हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

इडलीचं पीठ वाटायचा ग्राइंडर बंद पडला, तेव्हा त्यांनी फोनवर गिऱ्हाइकांचे चारशे अभिप्राय वाचून काढले. अकरा जणींच्या इडल्या ‘मोगऱ्यासारख्या’ झाल्या होत्या आणि अकराही जणींनी उडीद हा शब्द एकसारखाच चुकवला होता. शिव्या घालणारे निम्मे लोक खोकं फाटकं आलं म्हणून चिडलेले. शेवटी टीचरनी जवळच्या कारखान्यातून ग्राइंडर आणला, तीन महिने वापरला आणि गुणदोषांसकट अभिप्राय लिहिला. तेव्हापासून गल्लीतल्या बायका काहीही घेण्याआधी त्यांना विचारू लागल्या.

एके सकाळी एका मोठ्या कंपनीचा माणूस, इळंगो, नवा ग्राइंडर घेऊन दारात आला.

“फुकट आहे, अम्मा. वापरा, वाटेल ते लिहा.”

“वाईट वाटलं तर?”

“तेही लिहा की!” तो हसला. टीचरना ते हसणं रुचलं नाही; पण ग्राइंडर ठेवून घेतला.

वीस दिवसांनी त्यांनी लिहिलं : दगड चांगला, आवाज माझ्या आधीच्यापेक्षा कमी. ग्राइंडर फुकट मिळाला आहे.

शेजारची सुगंधी गच्चीवर पापड वाळत घालता घालता म्हणाली, “अक्का, फुकटातल्याचा आवाज कमी येतो होय?”

“फुकट आहे हे लिहिलंय मी.”

“लोकांना सांगितलंत. कानांना सांगितलंत का?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुगंधीला बोलावलं. “मी मागच्या पायरीवर पाठ करून बसते. तू दोन्ही एकामागून एक लाव, क्रम दर वेळी तुझ्या मनाचा. कुठला ते बोलू नकोस.”

सहा वेळा दोन्ही लावले. पाच वेळा टीचरनी कमी आवाजाचा म्हणून जो सांगितला, तो त्यांचा आधीचा, विकत घेतलेलाच निघाला.

थट्टा करायला आलेली सुगंधी वरमली. “जाऊ द्या हो अक्का, असा किती फरक असणार!”

“फरक थोडाच आहे गं. पण मी उलटा लिहिला.”

त्यांनी तेव्हाच अभिप्राय दुरुस्त केला. तिसऱ्या दिवशी तो कंपनीच्या पानावरून गायब. इळंगो फोन उचलेना. टीचरनी ग्राइंडर रिक्षात घालून कंपनीच्या कचेरीत पोचवला आणि पोच लिहून घेतली.

बायका अजूनही विचारायला येतात. टीचर त्यांना भिजवलेले तांदूळ आणून आपापल्या कानांनी ग्राइंडर पारखायला सांगतात, आणि त्या वाटत असताना स्वतः बाहेर जाऊन बसतात.