बारा ओळींचं बालपण

“मॅडम, वर्ध्याला समुद्र कधी आला?”

देशकर सरांचा फोन होता. नमस्कार नाही, कशा आहात नाही, थेट हा प्रश्न. देशकर सर नागपूरला फ्रेंच परीक्षेची तयारी करून घेतात. त्यांच्याकडे एक फ्रेंच बाई पाहुण्या आल्या होत्या, म्हणून त्यांनी मॉक टेस्ट ठेवली. मॉक म्हणजे खऱ्या परीक्षेआधीची तालीम. मी माझ्या तीन विद्यार्थिनी पाठवल्या होत्या.

“तिघींना विचारलं, लहानपणी सुट्टीत काय करायचात,” सर म्हणाले. “तिघी आजोबांसोबत समुद्रावर जायच्या. तिघींच्या आजोबांची होडी लाल. तिघी शिंपले वेचायच्या. पहिलीला बाई छान म्हणाल्या. दुसरीला हसल्या. तिसरीला मधेच थांबवलं.”

“तिसरी कोण होती?”

“ती हिंगणघाटची नर्स. प्रतिभा.”

मी खुर्चीत टेकले. कारण ती लाल होडी माझी होती.

आता हे नीट सांगायला हवं. मी कॉलेजात फ्रेंच शिकवून रिटायर झाले आणि वर्ध्याजवळ नालवाडीला घराच्या पुढच्या खोलीत क्लास चालवते. फ्रेंचमध्ये भूतकाळाची दोन रूपं फार लागतात. एकदा घडून संपलेली गोष्ट एका रूपात सांगतात. नेहमी घडायची, चालू होती किंवा तशी होती, ती गोष्ट दुसऱ्या रूपात. या दुसऱ्याचं नाव अँपार्फे. आपण “मामाकडे जायचो, चिंचा पाडायचो, उन्हाळा कडक असायचा” म्हणतो ना, तिथे अँपार्फे.

ते बनवायला सोपं आहे. वर्तमानकाळातलं “आम्ही”चं रूप घ्या. नू पार्लों, म्हणजे आम्ही बोलतो. शेवटचा “ओं” कापा. उरलेल्या “पार्ल”ला शेपटी लावा. मी, तू, तो, ते यांच्या शेपट्या लिहिताना वेगवेगळ्या, पण कानाला सगळीकडे “ए”च लागते. पार्ले. “आम्ही”ला “इओं”, “तुम्ही”ला “इये”. घोटाळा करतं एकटं “असणे”. त्याचं मूळ वेगळं, ते तेवढं लक्षात ठेवायचं. एवढं सगळं पोरी दोन दिवसांत शिकतात.

अडतं ते बोलायला लावलं की. परीक्षेच्या स्पीकिंगमध्ये समोरचा माणूस लहानपणाबद्दल विचारतोच विचारतो, आणि आमच्या पोरींची वाचा बसते. म्हणून मी बारा ओळी लिहून दिल्या होत्या. आजोबा, समुद्र, लाल होडी, शिंपले. बारा ओळींत सगळी क्रियापदं बसवली होती. मला त्या ओळींचा गर्वच होता म्हणा ना. शाळेत आम्हीही असंच शिकलो. गाईवर निबंध आला की पूर्ण वर्गाची गाय पांढरी आणि तिला एक गोंडस वासरू. कोणाच्या घरी म्हैस असली तरी वहीत गायच. गुरुजी पूर्ण मार्क द्यायचे. पांढऱ्या गाईचीच लाल होडी झाली, एवढाच काय तो फरक.

बाकी दोघींना परीक्षेची घाई नव्हती. प्रतिभाची गोष्ट वेगळी होती. कॅनडाच्या फ्रेंच बोलणाऱ्या भागात एका हॉस्पिटलने तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती. महिनाअखेरपर्यंत फ्रेंचचा निकाल पोचला नाही तर ती जागा दुसऱ्याला जाणार, असं पत्रात स्पष्ट होतं. आधी एकदा ती स्पीकिंगमध्येच नापास झाली होती. पुढची परीक्षा आठ दिवसांवर होती आणि महिनाअखेरच्या आत तेवढीच एक उरली होती.

दुसऱ्या दिवशी ड्युटी संपवून ती एसटीने आली. डोळे सुजलेले. पर्समधून बारा ओळींचा कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

“मॅडम, मले दुसऱ्या बारा ओळी द्या. पहाडाच्या द्या. समुद्राच्या नको.”

“अन् पहाडावर कोणासोबत गेलीस म्हणून विचारलं तर?”

“ते पण लिहून द्या.”

मला राग आला. तिचा कमी, माझा जास्त. म्हटलं, “ऐक, चूक माझी आहे. मी तुम्हाला शॉर्टकट दिला आणि तोंडावर पाडलं. आता ओळी बंद. तुझ्या खऱ्या लहानपणाचं बोल.”

तिने कागद परत उचलला. मग म्हणाली, “माह्या लहानपणी सांगण्यासारखं काहीच नाई.”

“असं कसं? सुट्टीत काय करायचीस?”

“काही नाई.”

“आई काय करायची?”

ती खिडकीकडे बघायला लागली. “काऊन विचारता मॅडम? माय जिनिंगवर जाये. रोजीनं. त्या गोऱ्या बाईले काय सांगू, माही माय जिनिंगवर कामाले होती म्हणून? थ्या म्हणतीन, असल्या घरची पोरगी नर्स कशी झाली.”

जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. हिंगणघाटला या गोष्टीची लाज वाटायचं खरंतर काही कारण नाही, अर्ध्या गावाचं पोट त्यावर चालतं. पण प्रतिभाला वाटत होती. हॉस्पिटलमध्येही तिने आईचं काम कोणाला सांगितलं नव्हतं. मी तिला रागावले. म्हटलं, “ज्या माउलीनं तुला शिकवलं तिला लपवून ठेवतेस, आणि ज्याचा पत्ता नाही त्या आजोबांना होडीत बसवतेस?” ती रडायला लागली. मीही कमी बोलायला हवं होतं. चहा ठेवला.

चहा पिता पिता तिने स्वतःच सुरू केलं. माय संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या केसांत रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, अडकलेली असायची. डोकं म्हातारीसारखं पांढरं. ती दाराच्या पायरीवर बसायची आणि ही तीन भावंडं मागे उभी राहून तिच्या केसांतली रुई वेचायची. जो जास्त वेचेल तो जिंकला. वेचलेल्या रुईच्या वाती करून देव्हाऱ्यात लावायच्या. माय तोवर बसल्या बसल्या झोपून जायची. मग ही भावंडं एकमेकांना चूप राहायला सांगायची.

“किती क्रियापदं झाली मोज,” मी म्हटलं.

तिने बोटांवर मोजली. “लय झाली.”

“सगळी अँपार्फेची. चल, आता फ्रेंचमध्ये.”

पुढचे दिवस आम्ही तेच केलं. “मा मेर त्राव्हाये”, माझी आई काम करायची. “एल एते फातिगे”, ती थकलेली असायची. “एल दोर्मे”, ती झोपायची. जिनिंगला फ्रेंच शब्द मलाही येत नव्हता. शोधला तर भलताच कठीण निघाला. म्हटलं सोड, “जिथे कापसातून बी काढतात तो कारखाना” असं सरळ सांग. मी एक नियम केला. कागदावर काही उतरवायचं नाही. रोज सांगताना काहीतरी वेगळं आलं पाहिजे. कधी वातींचं आलं, कधी पायरीवरच्या मांजरीचं. शेपट्या चुकत होत्या, पण ती थांबत नव्हती.

परीक्षेला मी सोबत गेले. एवढ्या वर्षांत कोणासोबत गेले नव्हते. बाहेरच्या बाकावर बसून मीच मनात शेपट्या घोकत होते. प्रतिभा बाहेर आली ती पदराने नाक पुसतच.

“काय झालं?”

“मॅडम, परीक्षा घेणाऱ्या बाई विचारत गेल्या, मी सांगत गेली. वेळ संपली तरी मले समजलंच नाई. दोन-तीन जागी चुकलं.”

“चुकू दे.”

“त्यायनं विचारलं, तुम्ही केसांतली रुई वेचायचात तेव्हा आई काय करायची. मी म्हटलं, एल दोर्मे.”

निकाल महिनाअखेरच्या आत आला. ती पास झाली. स्पीकिंगचे गुण लागतात तेवढेच, वर फार नाहीत. देशकर सरांनी फोन करून विचारलं, “समुद्र आटला वाटतं?” मी म्हटलं, “हो सर, लाल होडीसुद्धा मोडीत काढली.”

जायच्या आधी प्रतिभा आईला घेऊन माझ्याकडे आली. हातात पेढे. बाई बारीक अंगाची, नऊवारी नेसलेली, खुर्चीच्या अगदी काठावर बसली. प्रतिभा आत पाणी आणायला गेली तशी बाईंनी हळूच विचारलं, “बाई, पोरगी माह्याबद्दल बोलली म्हणे परीक्षेत. काय बोलली थे?”

मी सगळं सांगितलं. जिनिंगचं, रुईचं, वातींचं. शेवटी म्हटलं, “अन् म्हणाली, पोरं रुई वेचत तोवर माय थकून झोपून जाये.”

बाई हसल्या. “मी झोपत कुठं होती बाई. दिवसभर मशिनीचा आवाज, मुकादमाच्या शिव्या. घरी आली की पोरायचे हात डोक्यावरून फिरत. डोये उघडले असते तर पोरं वेचणं सोडून खेळाले पयाले असते. म्हणून डोये मिटून बसत होती.”

“प्रतिभाला माहीत आहे?”

“कधी विचारलंच नाई तिनं.”

प्रतिभा पाण्याचे ग्लास घेऊन दारात उभी होती. तिने ऐकलं होतं. ग्लास खाली ठेवून ती आईच्या मागे गेली आणि तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवून उभी राहिली. पेढ्याचा बॉक्स उघडायच्या निमित्ताने मी स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ तिथेच होते.

परीक्षेत त्या “दोर्मे”चे गुण मिळाले असतील. शेपटी तर बरोबरच होती. तरी माझ्या क्लासात आता बारा ओळी मिळत नाहीत. पहिल्या आठवड्याला एकच होमवर्क असतो. घरी जा, तुमच्या लहानपणी काय काय चालायचं ते मोठ्या माणसांना विचारून या. पोरी कुरकुरतात, म्हणतात, मॅडम, आम्हाला आठवतं ना. मी म्हणते, तुम्हाला आठवतं ते ठीक आहे, तरी विचारून या. शेपट्या मी नंतर लावून देते.