टॅपेटचा आवाज

आमच्या ह्यांना गिऱ्हाइकं ‘कानसेन’ म्हणतात. गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. कान आहे तो इंजिनांसाठी. गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच हे हातातला पाना खाली ठेवतात आणि म्हणतात, “बेअरिंग गेलंय.” घरातल्या पंख्याची कुरकुर, फ्रिजचं कण्हणं, शेजारच्यांच्या नळाचा थेंब, सगळं त्यांना ऐकू येतं. मी हाक मारली की मात्र ठार बहिरे.

मागचं गॅरेज त्यांचं, पुढचं स्पेअर पार्टचं काउंटर माझं. तेलाचे डबे, फिल्टर, पॅकिंग, वायसर आणि गिऱ्हाइकांशी तोंड वाजवणं, हे खातं माझ्याकडे.

तेल म्हटलं की हा माणूस हट्टाला पेटतो. “कुठलंही टाका हो मिस्त्री, तेल ते तेल,” असं कुणी म्हणालं की ह्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाते. तेल मोजायची पट्टी बाहेर काढणार, तेल दोन बोटांत चोळणार, वास घेणार, उजेडात धरणार. मग व्याख्यान. डब्यावरचा पहिला आकडा थंड इंजिनासाठी, दुसरा तापलेल्यासाठी. नव्या इंजिनातल्या फटी बारीक, तिथे पातळ तेल हवं. जुनं इंजिन झिजलेलं, तिथे पातळ तेल ठरत नाही, जरा जाड घाला. मी एकदा म्हटलंसुद्धा, “अहो, मुलगी बघायला आला होतात तेव्हा एवढी पारख केली असतीत, तर वाचला असतात.” तर म्हणे, “तेव्हा आवाज ऐकला नव्हता ना तुझा.”

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं ऐकून लोक मला नावं ठेवतील.

ती छोटी गाडी आली तेव्हा मी काउंटरवर फिल्टर मांडत होते. गाडी दिसायच्या आधी आवाज आला. टक टक, आणि जरा थांबून, टक. कुणीतरी बोटाच्या पेरांनी दार ठोठावावं तसा. मी खरोखरच मागच्या दाराकडे वळून पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. हे आतून बाहेर आले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर नेहमीचे ‘आलं लक्षात’ असे भाव काही उमटेनात.

“टॅपेट आहे,” हे म्हणाले, म्हणजे इंजिनाच्या झडपा दाबणारा खटका. “पण असा बोलणारा पहिलाच.”

गाडी जुनी, रंग उडालेला, पण आतून लखलखीत पुसलेली. चालवणारी माझ्याहून लहान, कुठल्याशा कचेरीत कामाला असावी. डोळ्यांखाली काळं. म्हणाली, “दादा, तेलाचा लाल दिवा लागतोय. मला यातलं काही कळत नाही. आधी आमचे हे बघायचे सगळं.”

ह्यांनी पट्टी काढली. टोकाला नावापुरतं तेल, काळं आणि पाण्यासारखं पातळ. “ताई, गाडी तेल पितेय आणि तुम्ही तिला उपाशी ठेवलंय. थोडे दिवस अजून चालवली असतीत तर इंजिन जाम झालं असतं. ठेवून जा, दुपारनंतर या.”

ह्यांनी त्या दिवशी जीव ओतून काम केलं. इंजिन आधी गरम केलं, कारण तेल गरम असतानाच सोडायचं, म्हणजे तळाचा गाळ सोबत येतो. इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचा नट काढला, काळी धार तसराळ्यात पडली आणि लगेच बारीक झाली. नटाला नवा वायसर, नव्या फिल्टरच्या रबराला तेलाचं बोट, आणि माझ्या फळीवरचं जाड तेल. इंजिन चालू केलं, जरा वेळ टकटक झाली, मग तेल वर चढलं आणि आवाज विरत विरत पार गेला. गाडी चालू आहे की बंद, हात लावून बघावं लागत होतं. हे कमरेवर हात ठेवून उभे, जसं काही बारसं यांच्याच घरी आहे.

ती परत आली. ह्यांनी ऐटीत किल्ली फिरवली आणि कान टवकारून तिच्याकडे पाहिलं, कौतुकाची वाट बघत. तिने वाकून बॉनेटला कान लावला. मग म्हणाली, “आवाज कुठे गेला?”

“घालवला,” हे म्हणाले.

ती तिथेच, तेलकट फरशीवर, मटकन खाली बसली.

मी पाणी दिलं, आत नेलं. मग हळूहळू सगळं बाहेर पडलं. तिचा नवरा आणि सासूबाई यांच्यात अबोला होता, वर्षानुवर्षांचा. कशावरून, ते त्या दोघांनाही धड आठवत नसावं. सासूबाई खालच्या खोलीत, अंथरुणाला खिळलेल्या, डोळे जवळजवळ गेलेले. तो रोज संध्याकाळी अंगणात गाडी लावायचा आणि बाहेरच्या जिन्याने परस्पर वर निघून जायचा. सासूबाईंपाशी मुलाची म्हणून एवढीच गोष्ट उरली होती, त्या गाडीची टकटक. ती ऐकू आली की त्या म्हणायच्या, “आला.” आणि मगच जेवायच्या.

“ते कामासाठी बाहेरगावी गेले होते, तिथेच गेले,” ती म्हणाली. “छातीत कळ आली, बस्स. सासूबाई तेव्हा दवाखान्यात होत्या. डॉक्टर म्हणाले, धक्का सोसायचा नाही. सगळे नातेवाईक म्हणाले, म्हातारी सावरली की सांगू. मग सगळे आपापल्या घरी गेले. मी राहिले.”

सासूबाई घरी आल्या. संध्याकाळी गाडीची वाट बघत ताटाला शिवेनात. तेव्हापासून ही सकाळी गाडी घेऊन निघते, दोन गल्ल्या पलीकडे उभी करते. संध्याकाळी पायी घरी येते, त्यांचा चहा करते, मागच्या दाराने निसटते, गाडी अंगणात आणून लावते, बाहेरच्या जिन्याने वर जाते. खालून शब्द येतो, “आला.” मग ही गुपचूप उतरते आणि ताट वाढते.

“आता आवाज नाही आला तर त्या जेवणार नाहीत, दादा. आणि विचारतील. मला आता खोटं बोलता येणार नाही, आणि खरंही.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही. आणि ह्यांची अवस्था अशी, की चांगलं काम केल्याबद्दल तोंड लपवायची पाळी आली. आयुष्यभर लोक ह्यांच्याकडे आवाज घालवायला आले. परत आणून द्या म्हणणारी ही पहिलीच.

“तेल पातळ नाही करायचं,” हे शेवटी म्हणाले. “इंजिन मरेल. टॅपेट ढिले करतो. गाडी मरणार नाही, नुसती बोलेल.” आणि त्यांनी टॅपेटचं कव्हर उघडलं. घाईच केली. जुनं पॅकिंग वाळून कडक झालेलं, काढताना तुकडे झाले. माझ्या फळीवर त्या मापाचं पॅकिंग नव्हतं. आता गाडी उद्यापर्यंत हलणार नव्हती.

बाहेर उन्हं उतरत होती. तिची वेळ झाली होती. मी म्हटलं, “चल, मी येते. सांगू की तुमच्या मुलाची गाडी आमच्याकडे दुरुस्तीला आहे, तो उशिरा येईल. थाप मारायला मला कुणी शिकवायला नको.” हेही निघाले. कव्हर उघडं, बॅटरीची वायर सुटी, शटर खाली ओढून कुलूप.

वाटेत मी थाप घोकत होते.  घर एकमजली, वर एक खोली चढवलेली, बाजूने लोखंडी जिना, अंगणात पत्र्याखाली गाडीची रिकामी जागा. खालच्या खोलीत दिवा लावलेला नव्हता. पलंगावर म्हातारी उशीला टेकून बसली होती. सुनेने दुपारी घरी येऊन झाकून ठेवलेलं ताट तिच्या मांडीवर होतं, पुसून खाल्ल्यासारखं स्वच्छ.

“आई, जेवलात?” सुनेने विचारलं.

“मग काय तुझी वाट बघू? आला की तो मगाशीच.”

मी थाप विसरले. सून वर छताकडे बघत होती. वरच्या खोलीला तिने सकाळी कुलूप घातलेलं, किल्ली तिच्या मुठीत. मी जिन्यापर्यंत जाऊन पाहिलं, कुलूप तसंच होतं. शेजारच्या कुणाची गाडी असेल, मी स्वतःला बजावलं. गल्लीत गाड्या काय कमी असतात?

हे अंगणात पत्र्याखाली उकिडवे बसले होते. रिकाम्या जागेत, मान तिरपी करून, इंजिनावर कान लावतात तसे. मी जवळ गेले तर हाताने गप्प केलं. मग तळहात फरशीवर टेकला आणि झटक्यात काढून घेतला.

“चला घरी,” म्हणाले.

 जेवताना मी खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, “गाडी बंद केल्यावर इंजिन थंड होताना टिकटिकतं, ऐकलंयस ना? लोखंड आकसतं. तसं तिथे वाजत होतं. आणि फरशी गरम होती, गाडीच्या पोटाखाली असते तशी.”

“ऊन तापलं असेल पत्र्यावर.”

“असेल,” हे म्हणाले आणि उरलेला घास ताटातच ठेवला. एरवी मी पंख्याच्या आवाजावरून हुज्जत घातली, तर हे हिरिरीने भांडतात. त्या दिवशी भांडले नाहीत, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

सकाळी शटर उघडलं. गाडी होती तशीच, कव्हर उघडं, वायर सुटी. पट्टी काढून पाहिली, तेल होतं तेवढंच. मी हुश्श केलं. ह्यांनी केलं नाही. पॅकिंग मागवलं, थंड इंजिनावर टॅपेट बसवले, म्हणजे आपल्याच हाताने बिघडवले. एकेक ढिला करायचा, कव्हर ठेवून चालू करायचं, डोळे मिटून ऐकायचं, पुन्हा उघडायचं. संध्याकाळच्या सुमाराला आवाज जमला. टक टक, आणि जरा थांबून, टक. माझ्या अंगावर काटा आला.

“तिच्या खोलीतून कसा ऐकू येतो ते मला बघायचंय,” हे म्हणाले. म्हणून गाडी सुनेच्या हवाली करून आम्ही दोघं आधी जाऊन म्हातारीपाशी बसलो. सुनेच्या ओळखीचे, सहज आलो, असं सांगितलं. तिने काही विचारलं नाही. झाकलेलं ताट बाजूला होतं. ती दाराकडे तोंड करून स्वस्थ बसली होती.

गल्लीच्या तोंडाशी टकटक सुरू झाली. ह्यांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली, बरोबर जमलंय. आवाज अंगणात आला, पत्र्याखाली घुमला, थांबला. मी श्वास रोखून म्हातारीच्या ओठांकडे बघत होते. ‘आला’ एवढा एक शब्द, त्यावर त्या पोरीचं सगळं टिकून होतं.

“आली,” म्हातारी म्हणाली.

हे पटकन म्हणाले, “हो आजी, गाडी आली.”

“गाडी कशाला? सून आली माझी.”

 बाहेर लोखंडी जिन्यावर पावलं वाजायला लागली. पुरुषाची, जड, टाच आपटणारी.

“त्याचे बूट घालून चढते ती,” म्हातारी म्हणाली. “मोठे होतात तिला. एकदा सटकली होती वरच्या पायरीवर. मला वाटलं, ही पण जाते की काय.”

“तुम्हाला ठाऊक होतं?” मी विचारलं. “मग रोज ‘आला’ म्हणायचात ते?”

“ती एवढं करत होती. ‘आला’ म्हटलं नसतं, तर तिने काय केलं असतं?” तिने चादरीवरून हात फिरवला. “आणि म्हटलं की मलाही जरा वेळ तसं वाटायचं.”

“आणि काल?” हे एवढंच विचारू शकले. ह्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

“काल तो आला होता,” म्हातारी म्हणाली, जणू दूधवाला येऊन गेल्याचं सांगावं. “काल वर नाही गेला. इथे आला, दारात उभा राहिला. अबोला त्याने मोडला. म्हणाला, आई, जेव. आणि तिला आता बस कर म्हणावं.” मग तिने तोंड वर केलं आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून हाक मारली, “सूनबाई! बूट काढ आणि खाली ये.”

जिन्यावरची पावलं थांबली.  मग वरच्या पायरीवरून ती रडायला लागली, आधी दबून, मग गळा मोकळा सोडून. तो गेल्यापासून या घरात तिला कधी आवाज काढून रडता आलं नव्हतं. म्हातारीने ताटावरचं झाकण काढलं, हाताने चाचपून भाकरीचे दोन भाग केले, आणि तिच्यासाठी पलंगावर जागा करून दिली.