बुडवलेला डोंगा

चंद्रपूरकडचं मूल गाव सोडलं आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना सागाचं जंगल सुरू झालं. मे महिन्यातला साग, अंगावर धड पान नाही. एस.टी.त शेजारच्या बाईंनी विचारलं, "कोनाकडं चाल्ले?" म्हटलं, "कोणाकडे नाही, पक्षी बघायला." त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा माझ्या नवऱ्याकडे, सुहासकडे, पाहिलं. "या उन्हात?" एवढंच म्हणाल्या. लग्न झाल्यापासून मीही त्याला हेच विचारत आले आहे.

गाव एका मोठ्या तलावाच्या काठी आहे. नाव सांगत नाही, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात तिथे गाड्यांची रांग लागायची. कौसल्याबाई आणि देविदासभाऊ या ढिवर (मासेमारी करणाऱ्या) जोडप्याकडे आम्ही उतरलो. संध्याकाळी झिंगे (बारीक कोळंबी) आणि भात असा बेत होता. मी दोनदा भात घेतला. जेवताना ठरलं की सकाळी कौसल्याबाईंचा दीर हिरामण सुहासला डोंग्यातून (एकाच ओंडक्यातून कोरलेली होडी) पलीकडच्या काठाला नेईल. मलाही आग्रह झाला. मी साफ नाही म्हटलं. मला पोहता येत नाही, सुहासलाही येत नाही, आणि दोघांनी एकाच लाकडावर बसायचं म्हणजे मुलीला पोरकं करायचे धंदे.

सकाळी ते दोघे गेले तेव्हा तलाव निपचित पडला होता. मी चहा घेऊन अंगणात बसले आणि थोड्याच वेळात वारा सुटला. कसला वारा! कौलं खडखडायला लागली. पलीकडे मोबाईलला रेंज नाही. मी चपला अडकवून तलावाकडे निघाले.

गणपती विसर्जनासाठी बांधलेला सिमेंटचा उतार आहे, तिथे माणसांची गडबड होती. डांबर लावायला वर काढलेले डोंगे पुन्हा पाण्यात सोडत होते. पाणी आटून मागे गेलेलं, त्यामुळे उतार संपल्यावर नुसता चिखल. दोघं पुढून ओढणार, दोघं मागून रेटणार, कौसल्याबाई साडी खोचून त्यांच्यात. देविदासभाऊ पहाटेच जाळी पाहायला पलीकडे जाऊन नुकते परतले होते. मी विचारलं, "भाऊ, हिरामणचा डोंगा दिसला का?"

"हिरामणचा?" ते रेटता रेटता म्हणाले. "थो त बुडवला त्यानं. त्या काठाले."

इतक्या सहज की मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी तिथेच ओल्या सिमेंटवर बसले. सगळे आपापल्या कामात. माणसं बुडाली आणि यांना काही नाही? मी ओरडले, "अहो, बुडवला म्हणजे काय? माझा नवरा आहे त्यात!"

कौसल्याबाई चिखलातून धावत आल्या. "काऊन रडून राह्यल्या बाई? डोंगा बुडवला, मानसं नाई. उन्हानं लाकूड तडकते, म्हनून काम नसलं का आमी त्यात पानी भरून बुडवूनच ठेवतो. वारा आला, तुमच्या मालकाले पोहता येत नाई, म्हनून त्यानं आनलं नसन."

जीव भांड्यात पडला. मला हसूही येईना आणि रडूही थांबेना. "मग ते येणार कसे?"

"पायी. जंगलातून वळसा घालून येते ना वाट."

तेवढ्यात बांधावरून विडीसाठी तेंदूपानं तोडायला गेलेल्या बाया परत येताना दिसल्या. इतक्या लवकर, आणि फडकी रिकामी. त्यांतली एक लांबूनच म्हणाली, "जाऊ नका कोनी तिकडं. वाटेवर वाघीन बसून हाय. पिल्लं हायत संगं."

माझी भीती नुकती उतरली होती, आता त्यांची चढली. देविदासभाऊंचा हात डोंग्यावर तसाच राहिला. कौसल्याबाईंनी तोंडाला पदर लावला. मग एक डोंगा चिखलातून फरफटत पाण्यात गेला. देविदासभाऊ चढले, आणि मी त्यांच्या मागे. "बाई, तुमी राहा," ते म्हणाले. मी म्हटलं, "मला इथे बसवणार नाही." त्यांनी वाद घातला नाही.

लाटा आत येत होत्या. त्यांनी मला एक डबा दिला आणि मी पाणी उपसत राहिले. मी घाबरले होते, फार घाबरले होते, पण पाण्याला नाही. काठ जवळ आला तसे देविदासभाऊ लांब हाका मारायला लागले. "हिरामण होऽऽ!" ओ नाही. पुन्हा हाक. नुसता वारा. मीही डबा डोंग्याच्या कडेवर बडवत सुहासच्या नावाने ओरडले.

मग झाडांतून ओ आली. दोघे फार आत गेलेच नव्हते. सुहासला नवरंग पक्षी दिसला होता आणि तो बघत हा माणूस पालापाचोळ्यात बसून राहिला होता. मला पाहून म्हणाला, "अगं, तू? डोंग्यात?" आणि खदखदून हसला.

देविदासभाऊंनी हिरामणच्या कानात दोनच शब्द सांगितले. त्याचा चेहरा पडला. भाऊभाऊ कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि बुडवलेला डोंगा हेलकावून रिकामा करायला लागले, एक डोळा झाडांवर ठेवून. सुहास विचारत होता, घाई कसली? तेवढ्यात आत कुठेतरी, वाघ दिसला की खेकसतं तसं, वानर खेकसलं. पुन्हा खेकसलं, आणखी जवळ.

"बसा," हिरामण म्हणाला.

डोंगा अर्धा भरलेलाच होता. तसाच लोटला. घोट्यापर्यंत पाण्यात पाय ठेवून सुहास बसला, आणि मी दुसऱ्या डोंग्यातून त्याच्यावर नजर रोखून. मागे वळून पाहायची माझी हिंमत झाली नाही. उतारावर कौसल्याबाई उभ्या होत्या. त्यांनी आधी दिराच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग मला उतरवून घेतलं.

घरी आल्यापासून जो येतो तो विचारतो, "चंद्रपूरला गेला होतात, मग वाघ दिसला का?" सुहास हळहळत सांगतो, "नाही हो, नशीबच नव्हतं." मी चहा टाकते म्हणून उठते आणि आत ओट्याला धरून जराशी उभी राहते.