सेलिम-सानच्या शेजारची खुर्ची

आम्ही निघालो त्या दिवशी बाबा कोथरूडच्या फ्लॅटच्या गॅलरीत उभे होते. खाली टॅक्सीत मुग्धा, तिच्या मांडीवर झोपलेली इरा, डिकीत न मावणाऱ्या बॅगा. मुग्धाला टोकियोत नोकरी मिळाली होती. माझी पुण्यातली त्याच सुमारास सुटली होती. एका दैनिकात पहिल्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात मी रोज पॉकेट कार्टून काढायचो. पानाची मांडणी बदलली आणि तो कोपराच गेला. आई रडत होती. बाबा वरून एवढंच म्हणाले, "तिकडे कोणाची टर उडवणार आता?" मी हसून हात केला. विमानतळ येईपर्यंत माझ्या डोक्यात फक्त बॅगांचं वजन होतं.

तिकडे राहिलेल्यांना वाटतं आम्ही मजेत आहोत. इकडे आलेल्यांपैकी कुणी बोलत नाही. म्हणून सांगतो: मजाही नव्हती आणि फार दुःखही नव्हतं. जीभ भाजल्यावर चव लागत नाही, तसं काहीसं. टोकियोलगत ग्योतोकुला भाड्याने घर घेतलं. जळणारा कचरा कुठल्या वारी, बाटल्या कुठल्या वारी, ते शिकलो. सकाळी इराला होइकुएनमध्ये, म्हणजे पाळणाघरात, सोडायचं आणि दुपारी कोंबिनीच्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानाच्या, काउंटरवर बाइतो करायचा. दुकानात अर्धवेळ काम करतो असं आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "बाबांना नको सांगू." पेनाला मी हात लावला नाही. इथल्या पुढाऱ्यांची नाकं माझ्या ओळखीची नव्हती.

इराला सोडून परतताना मी कधीकधी खाडीकाठच्या बंधाऱ्यावर जायचो. तिथे एक म्हातारा स्टँड लावून समुद्र रंगवायचा. पाणी राखाडी, सपाट. लांबवर मालवाहू जहाजं. चित्रातही तेच, तसंच. मी मागे उभा राहिलो तर त्याने वळूनही पाहिलं नाही. कितव्या तरी खेपेला मी मोडक्या जपानीत विचारलं, "जहाजावर माणसं का नाहीत?"

"मी माणसं काढली की लोक हसतात," तो म्हणाला. त्याचं जपानी माझ्यापेक्षा बरं होतं, पण उच्चार वेगळाच. "मी इस्तंबूलच्या पेपरात कार्टून काढायचो."

"मीपण," मी म्हणालो. "पुण्याच्या."

त्याने ब्रश खाली ठेवला आणि माझ्या नाकाकडे बघितलं. असं बघणारा माणूस मला फार दिवसांनी भेटला होता.

हे सेलिम-सान. त्यांची बायको हारुको-सान तरुणपणी इस्तंबूलला शिकायला गेली होती, तिथेच लग्न झालं. पुढे तिची आई आजारी पडली म्हणून दोघं वर्षभरासाठी जपानला आले आणि राहिले. सुरुवातीला ते इथून फॅक्सने कार्टून पाठवायचे. "पण चहाच्या टपरीवर आज लोक काय बोलताहेत, ते मला इथे ऐकू यायचं नाही," ते म्हणाले. "विनोद मासळीसारखा असतो. शिळा झाला की वास येतो." संपादकांनी कळवायच्या आधी त्यांनीच थांबवलं. मग एका गोदीत जहाजांच्या अंगांना रंग मारायची नोकरी धरली. रविवारी तीच जहाजं कॅनव्हासवर. निवृत्त झाल्यावर रोजच समुद्र.

आम्ही कितीतरी सकाळी तिथे बसलो. बोलायचो थोडंच. इरा शाळेत जायला लागली, मला जपानीत उत्तरं द्यायला लागली. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. मी तेराव्याला पोचलो, सगळं केलं, परत आलो. रडू आलं नाही. सेलिम-सानना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मलाही आलं नव्हतं," आणि थर्मासमधला चहा माझ्यासमोर केला.

मागच्या हिवाळ्यात ते बंधाऱ्यावर दिसेनासे झाले. मग हारुको-सानचा फोन आला. त्यांना पक्षाघात झाला होता. हात चालत होता, पण जपानी पुसलं गेलं होतं. फक्त तुर्की बोलत होते, आणि हारुको-सानचं तुर्की इतक्या वर्षांत गंजलं होतं. "तुम्ही या," ती म्हणाली. "तुम्हाला बघून बरं वाटेल."

मी पलंगाजवळच्या खुर्चीवर बसायला गेलो तर त्यांनी तिच्यावर पंजा आपटला आणि तावातावाने काहीतरी म्हणाले. हारुको-सान ओशाळली. "सगळ्यांना असंच करतात. परवा डॉक्टरांनाही बसू दिलं नाही. मला वाटतं, त्यांना आता कुणीच नको आहे. मीसुद्धा." तीही भिंतीला टेकून उभीच होती.

जपानीचा उपयोग नव्हता, म्हणून मी उभ्याउभ्या मराठीत बोलायला लागलो. बाबांबद्दल, इराबद्दल, काहीही. ते तुर्कीत उत्तर द्यायचे. मी त्यांच्या हातात पेन दिलं आणि जेवणाच्या ट्रेमधला कागद उलटा केला. त्यांनी वॉर्डातल्या कडक मोठ्या नर्सला काढलं: सीगल पक्षी, चोचीत थर्मामीटर. शेजारच्या पलंगावरचे आजोबा खोकला लागेपर्यंत हसले. नर्सने कागद पाहिला, तोंडावर हात ठेवला आणि पाठ फिरवून खांदे हलवत उभी राहिली.

"इस्तंबूलला हे असे होते," हारुको-सान म्हणाली. "मी विसरूनच गेले होते."

त्या कागदाकडे बघून मला हसू आलं नाही. पण चित्र चांगलं आहे हे कळलं.

वसंत यायच्या आधी ते गेले. हारुको-सानने त्यांचं पलंगावरचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं होतं. ती ते घेऊन एका तुर्की हॉटेलवाल्याकडे गेली, मला सोबत नेलं. मालक काउंटरवर कोपर टेकून ऐकत होता. म्हणाला, "हे फेरीबोटीवर आहेत. संध्याकाळची गर्दी आहे, घरी निघालेत. कुणीतरी शेजारी बसायला बघतंय, त्याला सांगताहेत..." त्याने फोन कानाशी नेला. "सांगताहेत, इथे बसू नका. ही जागा माझ्या बायकोची आहे. ती येतेय."

हारुको-सानने पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. मालकाने न विचारता तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि ती बसली.

तोझाई लाइनच्या गाडीने मी एकटा परतलो. इतकी वर्षं मी समजत होतो की त्यांचं घर तिकडे राहिलं आणि बाई इकडे. पण ते मनाने तिकडे परत गेले तेव्हा तिची जागा धरून बसले होते. स्टेशनवर उतरल्यावर मला रडू आलं. बाबांसाठी की त्यांच्यासाठी, माहीत नाही. जाणारे-येणारे सभ्यपणे दुसरीकडे बघत होते.

आई फोनवर विचारते, "घरी कधी येणार?" मी दिवाळी म्हणतो. पण घर म्हटलं की आता डोळ्यांसमोर येतं ते असं: कोथरूडच्या फ्लॅटचं दार उघडं आहे. इरा दप्तर टाकत "तादाइमा," आले मी, असं ओरडते. आणि जपानीचा एक शब्दही न येणारी आई आतून म्हणते, "आधी हातपाय धू."